युरोपीय संघात जाण्याआधी पर्यावरण कायदे जुळवून घेणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपीय संघाच्या विस्तारावर काही लिहिलं की कायद्याचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे आणि जर्मनी-पोलंडकडे नोकरीला गेलेले वाचक साधारण त्याच शंका विचारतात. त्या इथे एकत्र केल्या आहेत. उदाहरणं मुद्दाम मॉन्टेनेग्रोची जास्त घेतली आहेत. रांगेतल्या देशांत तो सर्वांत पुढे आहे आणि इतका लहान आहे की तिथे काय चाललंय ते नीट दिसतं.

१. सदस्य होण्याआधीच कायदे बदलायची सक्ती का? आत गेल्यावर बदलले तर काय बिघडलं?

मुदतीच्या काही सवलती (प्रश्न ६) सोडल्या तर सदस्यत्वाच्या पहिल्याच दिवशी संघाचा सगळा कायदा त्या देशाला लागू होतो. त्या दिवशी तयारी नसली तर दुसऱ्या दिवसापासून उल्लंघन सुरू. म्हणून १९९३ च्या कोपनहेगन निकषांत ‘सदस्यत्वाच्या जबाबदाऱ्या पेलण्याची क्षमता’ ही अट आली आणि १९९५ मध्ये माद्रिदच्या बैठकीत प्रशासकीय यंत्रणाही तयार हवी, अशी पुस्ती जोडली गेली.

शिवाय बाजारपेठ एक आहे. एका देशातला कारखाना धुराड्याला फिल्टर बसवणार आणि शेजारच्या देशातला न बसवता तोच माल स्वस्तात विकणार, हे चालत नाही. नद्याही सामायिक आहेत. डॅन्यूब एकटी दहा देशांतून वाहते.

माझ्या मते सर्वांत मोठं कारण वेगळंच आहे. देश दाराबाहेर असतो तोवर ब्रसेल्सच्या शब्दाला वजन असतं. तो आत गेला की उरतो तो कोर्टाचा लांबचा रस्ता (प्रश्न ११). जे काही खरंखुरं करून घ्यायचं, ते याच काळात.

२. ‘प्रकरण २७’ हा शब्द सगळीकडे दिसतो. ते काय आहे?

वाटाघाटींसाठी संघाच्या कायद्यांची ३५ प्रकरणं केली आहेत. त्यातलं सत्ताविसावं पर्यावरण आणि हवामान बदलाचं. २००४ साली आत गेलेल्या देशांच्या वेळी ३१ प्रकरणं होती आणि पर्यावरणाचा क्रमांक २२ होता. जुने लेख वाचताना हा घोळ होतो. २०२० च्या नव्या पद्धतीत प्रकरणांचे सहा गट पाडले आणि २७ वं प्रकरण वाहतूक व ऊर्जेसोबत चौथ्या गटात गेलं.

या एका प्रकरणात २०० हून अधिक मोठे कायदे येतात: हवा, पाणी, कचरा, निसर्गसंरक्षण, कारखान्यांचं प्रदूषण, रसायनं, आवाज, हवामान, प्रकल्पांचं पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन. मॉन्टेनेग्रोच्या वाटाघाटी जून २०१२ मध्ये सुरू झाल्या, पण हे प्रकरण उघडायला डिसेंबर २०१८ उजाडलं.

३. रेग्युलेशन आणि डिरेक्टिव्ह यांत फरक काय?

रेग्युलेशन सदस्य देशात जसंच्या तसं लागू होतं, त्यासाठी वेगळा कायदा करावा लागत नाही. रसायनांच्या नोंदणीचं २००६ चं ‘रीच’ हे त्याचं ठळक उदाहरण. डिरेक्टिव्ह मात्र फक्त उद्दिष्ट आणि मुदत ठरवून देतो. ते आपल्या कायद्यात कसं बसवायचं हे देशानं ठरवायचं. पर्यावरणातला बराचसा युरोपीय कायदा डिरेक्टिव्हच्या रूपात आहे, त्यामुळे उमेदवार देशांचं कामही तिथेच साठतं.

४. मग डिरेक्टिव्हचं भाषांतर करून संसदेत मंजूर केलं की काम संपलं ना?

हा प्रश्न सर्वाधिक येतो आणि गैरसमजही इथेच सर्वाधिक आहे. कामाचे तीन टप्पे आहेत. पहिला, तरतुदी राष्ट्रीय कायद्यात आणणं. दुसरा, त्या राबवण्यासाठी संस्था, माणसं, प्रयोगशाळा, पैसा उभा करणं. तिसरा, कायदा मोडणाऱ्याला पकडून दंड करणं.

पहिल्या टप्प्यात तुलनातक्ता करतात: एका रकान्यात डिरेक्टिव्हचं कलम, समोर देशाच्या कायद्यातलं कलम, पुढे ‘पूर्ण’, ‘अंशतः’ किंवा ‘नाही’. हे काम किचकट असतं, पण चार हुशार वकील आणि एक चांगला भाषांतरकार ते पार पाडू शकतात. अडतं ते नंतर. सांडपाण्याच्या डिरेक्टिव्हचं साधं उदाहरण घ्या. १९९१ च्या मूळ नियमानुसार २,००० लोकसंख्या-तुल्यांकाच्या (एक तुल्यांक म्हणजे साधारण एका माणसाच्या सांडपाण्याइतका भार) वरच्या वस्त्यांना मलवाहिन्या आणि मैलापाणी प्रक्रिया हवी. ते कलम कायद्यात उतरवायला एक दुपार पुरेल. शहराचे रस्ते खोदून नळ टाकायचे, प्रक्रिया केंद्र उभारायचं, ते चालवायला रसायनतज्ज्ञ नेमायचे, विजेचं बिल भरायचं आणि त्यासाठी नगरपालिकेनं पाणीपट्टी वाढवायची, यात पंधरा-वीस वर्षं जातात.

५. ‘वाटाघाटी’ म्हणतात, म्हणजे कायद्याच्या मजकुरावर घासाघीस होते का?

नाही. संघाचा कायदा आहे तसाच घ्यायचा असतो. बोलणी होतात ती ‘कधीपर्यंत’ आणि ‘कसं’ यावर.

आधी ‘स्क्रीनिंग’ होतं: युरोपीय आयोगाचे (संघाच्या कार्यकारी यंत्रणेचे) अधिकारी आणि उमेदवार देशाचे अधिकारी एकेक कायदा समोर ठेवून फरक शोधतात. मग प्रकरण उघडण्यासाठीच्या आणि बंद करण्यासाठीच्या अटी ठरतात. सर्व सदस्य देशांची संमती प्रत्येक पायरीवर लागते. आणि बंद झालेलं प्रकरणही ‘तात्पुरतं’च बंद असतं; सगळं ठरेपर्यंत काहीच ठरलं असं मानत नाहीत.

६. सवलतीची मुदत कुठल्या कायद्यांना मिळते?

जिथे मोठं बांधकाम आणि मोठा पैसा लागतो, तिथे. आकडे बोलके आहेत. सांडपाण्यासाठी पोलंडला (सदस्य २००४) २०१५ अखेरपर्यंत, रोमानियाला (२००७) २०१८ अखेरपर्यंत आणि क्रोएशियाला (२०१३) २०२३ अखेरपर्यंत मुदत मिळाली. म्हणजे दहा ते बारा वर्षं. जुने कचराडेपो आणि औष्णिक वीजकेंद्रांनाही अशा मुदती मिळाल्या आहेत; क्रोएशियाच्या डेपोंना २०१८ अखेरपर्यंत.

मुदत मागताना नुसतं ‘जमणार नाही’ म्हणून भागत नाही. कुठलं शहर, किती खर्च, पैसा कुठून, कुठल्या वर्षी काय पूर्ण होणार, असा तपशीलवार आराखडा द्यावा लागतो आणि मधले टप्पे प्रवेश करारातच लिहिले जातात.

पुढच्या गोष्टींना मात्र मुदत न देण्याचंच धोरण राहिलं आहे: हवा, पाणी, कचरा यांचे चौकट कायदे, परिणाम मूल्यांकन, पर्यावरणविषयक माहिती मिळण्याचा हक्क, निसर्गसंरक्षण, मालाच्या दर्जाशी निगडित नियम, आणि नवे कारखाने. जुन्या कारखान्याला दम खायला वेळ देता येतो; प्रवेशानंतर उभारायच्या कारखान्यानं पहिल्या दिवसापासून नियम पाळलेच पाहिजेत.

निसर्गाचा यात समावेश आहे हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नळ दहा वर्षांनी टाकता येतो. बुजवलेली पाणथळ जागा दहा वर्षांनी परत आणता येत नाही.

७. कागद आणि जमीन यांतलं अंतर दाखवणारं एखादं ठोस उदाहरण द्याल का?

उल्सिनचं मिठागर. मॉन्टेनेग्रोच्या दक्षिण टोकाला, अल्बेनियाच्या सीमेजवळ, एड्रियाटिकच्या काठी सुमारे १,५०० हेक्टरवर ते पसरलं आहे. समुद्राचं पाणी पंपानं आत घ्यायचं, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत सोडत उन्हात आटवायचं आणि शेवटी मीठ गोळा करायचं, ही पद्धत वसई-भांडुपकडच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. या उथळ खाऱ्या पाण्यामुळे ती जागा स्थलांतरित पक्ष्यांचा मोठा मुक्काम बनली. रोहित येतात, डाल्मेशियन झोळीवाले येतात. ठाणे खाडीत रोहितांचे थवे पाहिलेल्यांना त्याचं मोल कळेल.

२००५ मध्ये मिठागर चालवणाऱ्या कंपनीचं खासगीकरण झालं. २०१३ मध्ये मीठ काढणं थांबलं. मग जमीन कोणाची यावर वाद, पर्यटनाचे मनसुबे आणि त्याविरुद्ध पक्षीप्रेमी संस्थांची मोहीम. शेवटी संघानं प्रकरण २७ च्या अटींमध्ये या मिठागराचं नाव घालून त्याची स्थिती सुधारायला सांगितलं. दोनशेहून अधिक कायद्यांच्या प्रकरणात एका जागेचा असा नावानिशी उल्लेख होणं दुर्मीळ आहे. जून २०१९ मध्ये ते निसर्गोद्यान जाहीर झालं आणि त्याच वर्षी रामसर यादीतही (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आलं.

कागद इथवर चोख. पण मिठागर हे माणसानं घडवलेलं पाणथळ आहे. पंप बंद पडले की समुद्राचं पाणी आत येत नाही. बांध फुटले की पावसाचं गोडं पाणी साचतं, खारटपणा उतरतो आणि त्या खारटपणावर जगणारे जीव नाहीसे होतात. मग पक्षी काय खाणार? राजपत्रातल्या अधिसूचनेनं पंप सुरू होत नाहीत. त्यासाठी मिस्त्री लागतो, वीज लागते, बांधावर फिरणारा रखवालदार लागतो आणि या तिघांच्या पगाराची व बिलांची अंदाजपत्रकात तरतूद लागते. प्रकरण २७ ची खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते.

जाता जाता: मॉन्टेनेग्रोनं १९९१ मध्येच झाब्ल्याक गावी स्वतःला ‘पर्यावरणीय राज्य’ जाहीर केलं आणि आजच्या राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात तो शब्द आहे. घटनेत इतकं असूनही तपासनीस पुरेसे नसतील तर काय होतं, हे तिथल्या नागरिकांनी पाहिलं आहे.

८. हा सगळा खर्च कोण करतं?

मुख्यतः तो देश स्वतः. २००४ आणि २००७ मध्ये आत आलेल्या मध्य-पूर्व युरोपातल्या दहा देशांसाठी आयोगाचा अंदाज ८० ते १२० अब्ज युरोंच्या घरात होता. मॉन्टेनेग्रोनं २०१६ च्या राष्ट्रीय आराखड्यात सुमारे १४० कोटी युरो धरले. लोकसंख्या सव्वासहा लाखांच्या आसपास असलेल्या देशासाठी ही फार मोठी रक्कम आहे.

संघाचा प्रवेशपूर्व निधी (आयपीए) मदत करतो. २०२१ ते २०२७ साठी तो सर्व उमेदवारांना आणि सर्व क्षेत्रांना मिळून १४ अब्ज युरोंच्या थोडा वर आहे. म्हणजे पर्यावरणाच्या वाट्याला येणारा हिस्सा गरजेपेक्षा खूप कमी. खरा मोठा पैसा सदस्य झाल्यावर सुरू होतो. प्रवेशाआधी खर्च करा आणि निधी प्रवेशानंतर मिळेल, ही रचना गरीब देशांवर अन्याय करते असं मला वाटतं.

अनुभवाची देवाणघेवाणही होते. ‘ट्विनिंग’ योजनेत सदस्य देशाचा अधिकारी उमेदवार देशाच्या खात्यात जाऊन प्रदीर्घ काळ बसतो. ‘टायएक्स’मध्ये तज्ज्ञ थोड्या दिवसांसाठी येतात. कचराडेपोचा परवाना कसा लिहावा, हे शेजारी बसून शिकवण्याचा उपयोग जाड अहवालांपेक्षा जास्त होतो.

९. कोळशाच्या वीजकेंद्रांना प्रवेशापर्यंत मोकळीक असते का?

नाही, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पश्चिम बाल्कन देश, युक्रेन, मोल्दोव्हा, जॉर्जिया हे ‘ऊर्जा समुदाय’ करारात आहेत. २००५ मध्ये सही झालेल्या या करारामुळे मोठ्या धुराड्यांचे युरोपीय नियम त्यातल्या बहुतेकांना १ जानेवारी २०१८ पासूनच, म्हणजे सदस्यत्वाच्या कितीतरी आधी, लागू झाले.

जुन्या केंद्रांना एक पळवाट होती: सुधारणा करायची नसेल तर २०१८ ते २०२३ या काळात जास्तीत जास्त २०,००० तास चालवा आणि बंद करा. मॉन्टेनेग्रोचं प्लेव्ल्या येथील एकमेव कोळसा केंद्र यात गेलं. त्याचे तास २०२० संपेपर्यंतच संपले, तरी केंद्र चालू राहिलं आणि समुदायाच्या व्हिएन्नातल्या सचिवालयानं कारवाई सुरू केली. देशाच्या विजेचा मोठा वाटा तिथून येतो, खाणकामगारांची घरं त्यावर चालतात, आणि हिवाळ्यात त्याच प्लेव्ल्याच्या दरीत धूर कोंडून राहतो. कोणालाही सोपा वाटेल असा हा पेच नाही. पण तास मोजण्याची अट स्वीकारताना बदली विजेची तयारी त्याच दिवशी सुरू व्हायला हवी होती.

१०. वाटाघाटी चालू असताना युरोपनंच नियम बदलले तर?

तर नवे नियम पाळायचे. उमेदवाराला हे फार जड जातं. २०२४ मध्ये हवेचा नवा डिरेक्टिव्ह आला: पीएम २.५ ची (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची) वार्षिक मर्यादा २५ वरून २०३० पर्यंत १० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरवर येणार. त्याच वर्षी सांडपाण्याचा नवा डिरेक्टिव्ह आला आणि २,००० ची मर्यादा १,००० वर उतरली. म्हणजे ज्या लहान गावांचा आराखड्यात विचारच नव्हता, तीही आता यादीत.

बदल कधी उलट दिशेनंही होतो. २०२५ मध्ये लांडग्याचं ‘कडक संरक्षण’ कमी करून त्याला खालच्या यादीत टाकलं गेलं.

११. आत गेल्यावर देशानं नियम मोडले तर दंड खरंच होतो?

होतो, पण वेळ लागतो. आयोग आधी नोटीस देतो, मग कारणांसह मत कळवतो, मग लक्झेंबर्गच्या न्यायालयात जातो. निकालानंतरही सुधारणा झाली नाही तर पुन्हा खटला आणि मग दंड.

असा पहिला दंड पर्यावरणाच्याच प्रकरणात झाला. ग्रीसमध्ये क्रीट बेटावर हान्याजवळच्या कुरुपितोस घळीत कचरा टाकला जात होता. पहिला निकाल १९९२ चा. दंडाचा निकाल ४ जुलै २००० चा, रोज २०,००० युरो. मधली आठ वर्षं कचरा पडतच राहिला.

निकड असेल तर अंतरिम आदेश मिळतो. पोलंडच्या बियावोव्हिएझा या प्राचीन अरण्यातली वृक्षतोड २०१७ मध्ये अशीच थांबवली गेली. आदेश मोडल्यास रोज किमान एक लाख युरो, असं न्यायालयानं बजावलं. तुरुव लिग्नाइट खाणीच्या प्रकरणात २०२१ मध्ये पोलंडवर रोज पाच लाख युरोंचा दंड बसला. तो खटला शेजारच्या चेक प्रजासत्ताकानं, आपलं भूजल आटतंय म्हणून, भरला होता.

क्रोएशियाचं प्रकरण उमेदवारांनी वाचावंच. बेनकोवाचजवळच्या बिल्याने दोन्ये गावात घरांपासून हाकेच्या अंतरावर शिबेनिकच्या जुन्या मँगनीज कारखान्याची धातुमळी (स्लॅग) ‘बांधकामाची खडी’ म्हणून आणून टाकली होती. मे २०१९ मध्ये न्यायालयानं तो कचराच आहे आणि देशानं तो हटवायला हवा होता, असा निकाल दिला. सदस्यत्वाला तेव्हा सहा वर्षं होत आली होती.

१२. सामान्य नागरिकाला थेट कोर्टात जाता येतं का?

प्रवेशानंतर, हो. डिरेक्टिव्हची तरतूद स्पष्ट आणि विनाअट असेल आणि सरकारनं ती मुदतीत कायद्यात आणली नसेल, तर नागरिक आपल्याच देशाच्या कोर्टात सरकारविरुद्ध ती वापरू शकतो. लक्झेंबर्गला स्वतः जायची गरज नसते. स्थानिक न्यायाधीश तिकडे प्रश्न पाठवतो.

प्रवेशाआधी हे हत्यार नाही. पण १९९८ चा आर्हस करार आहे, ज्यात माहिती, सहभाग आणि न्याय हे तीन हक्क येतात, आणि तुर्कस्तान सोडून बहुतेक उमेदवार देशही त्यात आहेत. ऊर्जा समुदायाकडे तक्रार करता येते (प्रश्न ९). आणि आयोगाच्या वार्षिक अहवालासाठी संस्था आपली माहिती पाठवू शकतात. गावातल्या माणसानं काढलेला, तारीख-जागा नोंदवलेला नाल्याचा फोटो ब्रसेल्सच्या टेबलावर पोचू शकतो, याची जाणीव मंत्रालयांना असते.

१३. प्रवेशाआधी परवान्यासाठी अर्ज केलेल्या प्रकल्पाचं काय?

ही खरी चिकट जागा. परिणाम मूल्यांकनासाठी साधारणपणे परवान्याचा औपचारिक अर्ज कधी केला ती तारीख धरतात. प्रवेशाआधी अर्ज असेल तर तो डिरेक्टिव्ह लागत नाही. त्यामुळे प्रवेशाच्या आधीच्या महिन्यांत अर्जांची घाई होण्याचा धोका असतो.

पण याचा अर्थ सगळंच सुटतं असा नाही. स्लोव्हाकियातल्या पेझिनोक शहरात, वस्तीला लागून असलेल्या मातीच्या जुन्या खाणीत कचराडेपो होणार होता. त्याची प्रक्रिया २००४ च्या प्रवेशाआधी सुरू झाली होती. नागरिकांनी जागा-निश्चितीचा आदेश मागितला, तर ‘व्यापारी गुपित’ म्हणून नकार मिळाला. जानेवारी २०१३ मध्ये लक्झेंबर्गच्या न्यायालयानं सांगितलं की परिणाम मूल्यांकनाचा डिरेक्टिव्ह इथे लागत नाही, पण प्रदूषण परवान्याचा लागतो, आणि जागा-निश्चितीचा आदेश असा दडवता येत नाही.

१४. एखाद्या देशाच्या पक्ष्या-प्राण्यांसाठी खास अपवाद होतात का?

होतात, दोन प्रकारचे. एक, शास्त्रीय आधारावर. एस्टोनियात लांडगे, अस्वलं आणि लिंक्स बऱ्यापैकी असल्यानं त्यांच्यासाठी राखीव क्षेत्रं ठरवण्याच्या यादीतून तिथले हे प्राणी वगळले गेले. दोन, परंपरेच्या नावाखाली, ठराविक मुदतीसाठी. माल्टाला पिंजऱ्यात पाळायचे छोटे गाणारे पक्षी पकडायला २००८ अखेरपर्यंत मुभा होती. नंतर माल्टानं वेगळ्या वाटेनं ते चालू ठेवलं आणि २०१८ मध्ये न्यायालयात हरला.

१५. देशाचा कायदा युरोपपेक्षा कडक असेल तर तो सैल करावा लागतो का?

सहसा नाही. करारातच तशी मुभा आहे. युरोपीय पातळी ही किमान पातळी समजायची. अपवाद मालाच्या दर्जाचे नियम. तिथे जास्त कडक नियम व्यापारातला अडथळा ठरू शकतो, म्हणून आयोगाची परवानगी लागते.

१६. नॉर्वे सदस्य नाही, तरी युरोपीय नियम पाळतो. मग सदस्यत्व कशाला?

नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन युरोपीय आर्थिक क्षेत्रात असल्यानं पाणी, कचरा, उद्योग यांचे बरेच नियम घेतात. पक्षी आणि अधिवासांचे दोन डिरेक्टिव्ह मात्र त्या करारात नाहीत. शिवाय नियम ठरवताना त्यांना मत नसतं.

१७. प्रकरण उघडलं म्हणजे प्रवेश जवळ आला का?

तुर्कस्ताननं पर्यावरणाचं प्रकरण डिसेंबर २००९ मध्ये उघडलं. ते आजही बंद झालेलं नाही. सर्बियाचा चौथा (‘हरित’) गट, ज्यात २७ वं प्रकरण येतं, डिसेंबर २०२१ मध्ये उघडला. उलट क्रोएशियानं २०१० च्या फेब्रुवारीत उघडून त्याच डिसेंबरात बंद केलं. वेग राजकारणावर आणि तयारीवर ठरतो.

१८. महाराष्ट्रातल्या उद्योगाला याच्याशी काही देणंघेणं आहे का?

आहे. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं अशा मालावर संघानं सीमेवर कार्बन शुल्काची पद्धत आणली. १ जानेवारी २०२६ पासून तिचा पक्का टप्पा सुरू झाला. शुल्क युरोपातला आयातदार भरतो, पण उत्सर्जनाचे आकडे तो इथल्या कारखान्याकडेच मागतो. बाल्कन देशांतून जाणाऱ्या विजेलाही हेच लागू आहे. ते देश सदस्य होऊन संघाच्या कार्बन बाजारात (जिथे कारखान्यांना उत्सर्जनाचे परवाने घ्यावे लागतात) आले की त्यांच्या मालावरची ही आकारणी संपेल आणि आपल्या निर्यातदारांवर ती तशीच राहील. म्हणून बाल्कनमध्ये पोलाद किंवा ॲल्युमिनियममध्ये कोणी स्पर्धक असेल, तर त्या देशाच्या प्रकरण २७ वर नजर ठेवा. रसायनं निर्यात करणाऱ्यांनी ‘रीच’ची नोंदणी (प्रश्न ३) नव्या सदस्य देशातही लागते, हे आत्ताच खरेदीदाराशी बोलून घ्यावं.